नववी ‘ब’मधलं ओटीभरण

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही अठ्ठेचाळीस जण. त्यात पोटात बाळ आणि हातात पाठ टाचणाची फाईल, असं दोन्ही एकदम वाढवणारी मी एकटी! आणि खरं सांगते, मला त्याचा काडीचा ताण नव्हता. माझं नियोजनच तसं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी चक्क तक्ता लावला होता. डावीकडे महिना, मधे बाळ, उजवीकडे विद्यापीठ. चौथा महिना, सोनोग्राफी, सराव पाठ. पाचवा महिना, लोहाच्या गोळ्या, मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक. नववा महिना, लेखी परीक्षा. पुढे दहा दिवस सोडून बाळंतपण!

“दहा दिवस कशाला सोडले?” माझ्या नवऱ्याने, हेमकांतने विचारलं होतं.

“पेपर पुढे ढकलले तर!”

“आणि बाळच आधी आलं तर?”

“येणार नाही. तक्त्यात नाहीये ते.”

हेमकांतने मान डोलावली. तो सरकारी कार्यालयात कारकून आहे. तक्त्यात लिहिलेल्या गोष्टीपुढे त्याचं डोकं चालत नाही.

कॉलेजात छात्राध्यापिकांना गणवेशाची साडी असते, मोतिया रंगाची, लाल काठाची. जूनमध्ये मी त्या साडीला सात निऱ्या काढत होते. दिवाळीनंतर पाच झाल्या. मार्चमध्ये दोनच उरल्या, आणि त्याही अशा तणावाखाली की दोन गावांमधली विजेची तार! पण चेहऱ्यावर माझ्या हसू. प्राचार्यांनी एकदा काळजीने विचारलं, “चारुलता, जिना चढायला त्रास होत नाही ना?” मी म्हटलं, “सर, दोघांच्या बळाने चढते!”

घरून विरोध होता म्हणावं, तर तोही नाही. माझ्या सासूबाई, भिकुबाई, चौथी शिकलेल्या. पण सुनेने मास्तरीण व्हावं ही त्यांचीच इच्छा. त्यांची एकच अट: “शिक, पन बठीसन शिक!” बसून शिकायचं. शिकवायचं मात्र उभं राहून असतं, हे त्यांना पटत नव्हतं. रोज सकाळी आमच्या धानोरा गावाहून मी नंदुरबारला कॉलेजला निघाले की त्या पिशवीत डिंकाचे लाडू टाकायच्या. आठ. चार माझे, चार बाळाचे. हा हिशोब त्यांचा.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना विद्यापीठाचं पत्र आलं. वार्षिक पाठ परीक्षा, गुरुवार, सतरा तारीख. बाहेरगावाहून परीक्षक येणार, शाळेच्या खऱ्या वर्गावर पस्तीस मिनिटांचा पाठ घ्यायचा, आणि तो चुकला की वर्ष गेलं. पुढच्या वर्षी कडेवर बाळ घेऊन फळ्यावर नकाशा काढायचा!

मी घरी जाऊन तक्त्यावर तारीख लिहिली, आणि मागून भिकुबाईंचा आवाज आला, “सतरा तारीखले तं तुन्ही ओटी शे ना!”

झालं! सातव्या महिन्यातलं ओटीभरण. गुरुजींनी दिवस काढून दिलेला, तीस बायकांना आमंत्रणं गेलेली, मांडव सांगितलेला.

“आई, पुढच्या महिन्यात करू या ना.”

“आठवामा ओटी भरतस नही. नववामा तुन्ही परीक्षा. मंग कव्हय भरू? पोऱ्यानं लगीन निंघावर?”

मी शांतपणे पेन उचललं. “आई, ऐका. पाठ अकराला. पावणेबाराला संपला. बाराला मी प्रवासी बोलेरोत, साडेबाराला धानोऱ्यात, एकला पाटावर. मुहूर्त दीडचा. उलट अर्धा तास शिल्लक!”

“आन् उशीर व्हयना तं?”

“होणारच नाही!”

आता पाठाचा विषय. आमच्या कॉलेजशेजारच्या शाळेत नववी ‘ब’ माझ्या वाट्याला आली. भूगोलाच्या बाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, “एकच घटक शिल्लक आहे गं. लोकसंख्यावाढ.” मग त्यांची नजर वहीवरून माझ्या दोन निऱ्यांवर आली. “बदलून देऊ का?”

“छे छे!” मी म्हटलं. “विषय तो विषय. शिक्षकाने वस्तुनिष्ठ असावं.”

मी सुंदर तक्ता रंगवला. आई, बाबा आणि एकच मूल, मागे उगवता सूर्य. माझी मैत्रीण नूतन बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत राहिली. “चारू, हा तू पोटाच्या उजवीकडे धरशील की डावीकडे?”

“वर,” मी म्हटलं.

सतरा तारीख उजाडली. अकराला नववी ‘ब’ हात बांधून बसली. फळा पुसला. तक्ता टांगला. परीक्षक नाहीत! साडेअकराला कळलं, सरांची गाडी रुळाच्या कामामुळे अमळनेरच्या पुढे कुठेतरी उभी आहे. बारा वाजले. साडेबारा वाजले. मी शिक्षकांच्या खोलीत बसून लाडू खात होते. माझे चार संपले, मग बाळाचे सुरू केले. वर्गात मोबाईल चालत नाही म्हणून मी माझा फोन नूतनकडे देऊन ठेवला होता.

एक वाजता भिकुबाईंचा फोन आला. पुढचं संभाषण मला नंतर नूतननेच सांगितलं, तेही अभिमानाने, आपण कशी परिस्थिती सांभाळली म्हणून! तिकडे मांडवात कर्ण्यावर गाणी लावलेली. इकडे शाळेची मधली सुट्टी. दोघी ओरडत होत्या.

“चारू कोठे शे? बाया बठेल शेत कव्हयन्या!”

“काकू, पाठ! पाठ हो!”

“पाठ? कव्हयनी?”

“अकरा वाजल्यापासून! नुसती ताटकळलीये बिचारी!”

“अकरापाइन? आन् आते सांगस?”

“काकू, आपल्या हातात काय आहे? मोठे सर बाहेरून यायचेत. ते आल्याशिवाय कुणी हात लावत नाही. पण तुम्ही काळजी करू नका, ते आले की अर्ध्या तासात मोकळी होईल!”

नूतन म्हणते, इतकं स्पष्ट सांगूनही काकूंनी फोन आपटला.

तिकडे भिकुबाईंनी हातातलं तबक खाली ठेवलं आणि कर्ण्याच्या वर आवाज काढला. “बंद करा ते गानं! चारूनी पाठ दुखी ऱ्हायनी! मोठा डाक्टरले बाहेरथून बलायेल शे!”

गाणं थांबलं. मग एक आजी म्हणाली, “सातवामाच?”

“अकरा वाजापाइन दुखी ऱ्हायनी! आन् ओटी भरेल नही!”

बस्स. बाळ आलं तर आलं, पण ओटी भरल्याशिवाय ते येता कामा नये, हा एकच विचार भिकुबाईंच्या डोक्यात बसला. त्यांनी ओटीचं सगळं सामान उचललं. नारळ, तांदूळ, खण, हळदीकुंकवाचं तबक आणि झाकण घातलेल्या दोन वाट्या. या वाट्यांचा खेळ तुम्हाला ठाऊक असेलच. एकीत पेढा, एकीत बर्फी. गर्भारणीने न बघता एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. डॉक्टर जे सांगू शकत नाहीत ते वाटी सांगते!

गावातली एक बोलेरो मिळाली, सात जणांची. तिच्यात अकरा बायका बसल्या आणि हेमकांत. तो नंतर म्हणाला, “मी सांगत होतो की पाठ म्हणजे तो पाठ असेल.” पण त्याच्या तोंडासमोर कुणाचं तरी तबक होतं.

इकडे दीडला रिक्षातून परीक्षक डॉ. इंद्रसिंग गिरासे सर उतरले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, शिस्तीबद्दल ख्याती अशी की त्यांचं नाव ऐकून मुली रजा टाकत. पण त्या दिवशी सरांचे डोळे लालबुंद, नाकातून पाणी, बोलायला जावं तर ठसका! स्टेशनवरून येताना रिक्षावाल्याने जवळचा रस्ता म्हणून त्यांना लाल मिरची वाळत घातलेल्या मोकळ्या मैदानांच्या, म्हणजे पथाऱ्यांच्या, कडेने आणलं होतं. आम्हा नंदुरबारकरांना तो वास म्हणजे नुसती हवा. बाहेरच्या माणसाला मात्र आठवण राहते.

“सु... सुरू करा!” सर मागच्या बाकावर बसून म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यानंतर संपूर्ण पाठभर त्यांनी भिंतीवरच्या भारताच्या नकाशावरून नजर हलवली नाही. सभ्य गृहस्थ!

मी प्रस्तावनेचा पहिला प्रश्न टाकला. “मुलांनो, तुमच्या घरी किती माणसं आहेत?”

पहिल्या बाकावरची ममता उठली. “सात, बाई.”

“छान. पुढच्या वर्षी किती असतील?”

“सातच, बाई.” मग जरा थांबून, “तुमच्याकडे वाढतील.”

वर्ग फुटला! मी हसू आवरून हेतुकथन केलं. “आज आपण लोकसंख्यावाढ या घटकाचा अभ्यास करणार आहोत.” यालाही वर्ग हसला. मी तक्ता दाखवला, मुलं तक्ता सोडून सगळीकडे बघू लागली. तरी मी हटले नाही. पाठ रंगत होता, हे मला मान्य करावंच लागेल. एरवी झोपणारी शेवटची रांगसुद्धा टक लावून बसली होती.

“लोकसंख्या वाढण्याचं पहिलं कारण?”

“जास्त जन्मदर!”

“शाब्बास. दुसरं?”

“मृत्युदर कमी होणं!”

त्याच वेळी फाटकावर काय चाललं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. तिथे शाळेच्या शिपाई कालीबाई उभ्या होत्या.

“परीक्षा चालू शे. कोनले मझार सोडानं नही!”

“मन्ही सून मझार बाळंत व्हई ऱ्हायनी आन् तू माले परीक्षा सांगस?” भिकुबाई कडाडल्या.

“वर्गमा?” कालीबाईंनी कपाळावर हात मारला. पण बाई खंबीर! दोन गोष्टी त्यांनी ताबडतोब केल्या. पोरांनी बघू नये म्हणून शाळा सुटल्याची लांब घंटा दिली, आणि खिचडीच्या चुलीवरचं उकळतं पाणी तांब्यात ओतलं.

घंटा घणघणली. सगळी शाळा ओरडत मैदानात. फक्त नववी ‘ब’ जागची हलली नाही. घंटा होऊनही वर्ग बसून राहिला, असं त्या शाळेत त्या दिवशीच घडलं असावं. गिरासे सरांनी घड्याळाकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं. मला घाम फुटला. पस्तीसपैकी बारा मिनिटं शिल्लक होती. मी आवाज चढवला.

“आता तिसरं कारण कोण सांगेल?”

धाडकन दार उघडलं आणि भिकुबाई आत आल्या! मागे दहा बायका, त्यांच्या मागे तांब्या घेऊन कालीबाई, सगळ्यात मागे हेमकांत.

भिकुबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. हातात खडू, कपाळावर घाम. “तू उभी शे?”

“आई! माझा पाठ चाललाय!”

“तेच तं! कंबर बी दुखस का?”

“अहो, पाठ म्हणजे शिकवायचा पाठ! परीक्षा!”

भिकुबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी गोंधळ ऐकून दाराशी आलेल्या नूतनकडे असं काही बघितलं की ती दाराच्या मागे सरकली. मला वाटलं, आता सगळे बाहेर जातील. पण नाही! भिकुबाईंनी घड्याळात बघितलं. “दोन वाजाले वनात. मुहूर्त टयी गया. तरी बी आते वनूच शे तं पाच मिनिटमा भरी लेऊ. बठ तठे.”

आणि त्यांनी माझ्या टेबलावरचं पाठ टाचण बाजूला सारून तबक मांडलं. शेजारी दोन वाट्या.

“हे काय चाललंय?” गिरासे सर उठून पुढे आले. “ही विद्यापीठाची परी... परी...” आणि ठसका! तबकातल्या हळदीकुंकवाची भर पडली असावी. सर वाकले, डोळे पांढरे व्हायला आले.

“पाणी! पाणी द्या!” मी ओरडले.

पाणी तयारच होतं! कालीबाईंनी तत्परतेने तांब्या पुढे केला. सरांनी घोट घेतला आणि जो आवाज काढला तो मी कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाच्या तोंडून ऐकलेला नाही. उकळतं पाणी हो! जीभ पोळली, घसा पोळला. त्या बिचाऱ्यांनी आंधळ्यासारखा हात पुढे केला, टेबलावरच्या पहिल्या वाटीचं झाकण उडवलं आणि आत होतं ते अख्खं तोंडात टाकलं.

अकराच्या अकरा बायकांनी एकदम श्वास आत ओढला.

“काय व्हतं? काय खादं त्यास्नी?” एकीने विचारलं.

“बर्फी!” ममताने उभं राहून जाहीर केलं. “सरांनी बर्फी उघडली!”

आणि सबंध नववी ‘ब’ बाकं बडवत ओरडली, “सरांना मुलगी होणार! सरांना मुलगी होणार!”

अठ्ठावन्न वर्षांचे डॉ. इंद्रसिंग गिरासे तोंडात बर्फी धरून तसेच उभे राहिले. गिळावी की थुंकावी, याचं मार्गदर्शन विद्यापीठाच्या कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

“बर्फी गयी,” बरोबरच्या आजी हळहळल्या. “म्हंजे चारूले पेढाच उरना. पोऱ्याच व्हई!” आणि खात्री करायला त्यांनी दुसरी वाटी उघडली.

बर्फी!

आजींनी वाटी उलटी करून बघितली. मग सगळ्यांचे डोळे भिकुबाईंकडे वळले.

“भिकुबाई, पेढा कोठे शे?”

भिकुबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. “पेढा मी लयनूच नही.”

“म्हंजे?”

“तीन आंडोर वाढायात मी,” त्या म्हणाल्या, म्हणजे तीन मुलगे, आणि त्यांचा आवाज एकाएकी खाली आला. “एक बी मन्हाजोडे बठीसन दोन शबद बोलस नही. जेवतस, चालना जातस. आते माले आंडेर पाहिजे, पोरगी! मी काय देवले आग्रह करी ऱ्हायनू का? दोन्ही वाटीमा बर्फी ठी दिन्ही, बस्स.”

दारात हेमकांत आपल्या चपलांकडे बघत उभा होता. पाठ, गुण, सर, सगळं क्षणभर विसरले मी. नातवासाठी नवस बोलणाऱ्या सासवा माझ्या मैत्रिणींच्या नशिबी. आणि माझी ही सासू गुपचूप पेढा वगळून आली होती!

पण नववी ‘ब’ वस्तुनिष्ठ होती. ममताने हात वर केला. “आजी, एक प्रश्न. तुम्हाला तीन मुलं मुलीसाठीच झाली का?”

“मंग?” भिकुबाई म्हणाल्या. “दोनवरच थांबनार व्हतू. आंडेरसाठे तिसरा करा, तं तो बी हाऊ!” आणि त्यांनी बोट हेमकांतकडे केलं.

साऱ्या वर्गाने वळून तिसऱ्या कारणाकडे बघितलं.

आता सांगा, शिक्षिकेने अशा वेळी काय करावं? मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, ‘३. विशिष्ट अपत्याचा आग्रह’. मुलांनी भराभर वहीत उतरवलं. एवढ्या लक्षपूर्वक फळा उतरवलेला मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

“गृह... गृहपाठ द्या,” सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, “आणि संपवा.”

“लोकसंख्यावाढीची तीन कारणं स्वतःच्या निरीक्षणातून लिहा!” मी घाईघाईने सांगितलं, आणि खुर्चीत बसले. पाच सवाष्णींनी पाच मिनिटांत माझी ओटी भरली. पदरात तांदूळ, नारळ, खण आणि चुकून आत गेलेला डस्टर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जाता जाता भिकुबाईंनी सरांच्या हातात नारळ ठेवला. “तुम्ही वनात म्हनीसन पोर मोकळी व्हयनी, साहेब.” सरांनी तो घेतला. नाही म्हणायला त्यांच्याकडे आवाजच नव्हता.

आठवड्याने गुणपत्रक लागलं. मी पास! ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ या रकान्यात पैकीच्या पैकी. ‘वर्ग नियंत्रण’ या रकान्यात सरांनी अंक न लिहिता नुसती आडवी रेघ ओढली होती. नूतनला माझ्यापेक्षा चार गुण कमी पडले, आणि ती अजूनही मला म्हणते की फोन तिने उचलला म्हणून मी पास झाले.

गृहपाठाच्या वह्या तपासून फाईलला जोडायच्या होत्या. त्या मी घरी आणल्या. संध्याकाळी ओट्यावर मी वह्या घेऊन बसले आणि भिकुबाई शेजारी मिरच्यांचे देठ खुडत बसल्या. त्यांना भारी उत्सुकता.

“काय लिखं पोरेसनी? वाच ना.”

मी पहिली वही उघडली. एक, जास्त जन्मदर. दोन, घटता मृत्युदर. तीन, बाईंच्या सासूबाई.

मी ती मिटली, दुसरी उघडली. तीन, सासूबाई. तिसरीत तेच. चौथीत तेच. फळ्यावर मी इतक्या सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं कारण एकाही कार्ट्याने लिहिलं नव्हतं. ममताने तर ‘सासूबाई (मु. धानोरा)’ असा पत्त्यासकट उल्लेख केला होता. स्वतःच्या निरीक्षणातून लिहा, असं मीच सांगितलं होतं ना!

“सांग ना व! तिसरं कारन काय लिखं?”

“ज्येष्ठांचं मार्गदर्शन,” मी म्हटलं.

भिकुबाईंचा चेहरा उजळला. “हुशार शेत पोरे! पूर्रा मार्क दे त्यास्ले.”

मी दिले. काय करणार? उत्तर चूक आहे, असं लिहायला माझा हात धजेना!